पेटीतले फोटो आधी वाचवा, मग इतिहासावर हक्क सांगा

आपल्या चळवळीचा इतिहास कुठे आहे, असे कोणी विचारले की आपण ग्रंथांची नावे सांगतो. ते बरोबरच आहे. पण आमचे म्हणणे असे की या इतिहासाचा फार मोठा भाग अजून कोणत्याही ग्रंथात आलेला नाही. तो आपल्या घरांत पडून आहे. पत्र्याच्या पेटीत, कपाटावरच्या प्लास्टिकच्या पिशवीत, भिंतीवरच्या वाळवी लागलेल्या फ्रेममध्ये. १९५६ च्या दीक्षेनंतर गावात झालेला पहिला बौद्ध पद्धतीचा विवाह, विहाराचे भूमिपूजन, समता सैनिक दलाच्या गणवेशातले आजोबा, नामांतराच्या मोर्चात कडेवर मूल घेऊन चालणारी आई. हे फोटो दरवर्षी पावसाळ्यात थोडे थोडे मरत आहेत, आणि त्यांतली माणसे ओळखणारी पिढी त्याहून वेगाने जात आहे.

यावर आमच्याच कार्यकर्त्यांचा एक आक्षेप असतो. अत्याचार थांबलेले नाहीत, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, सरकारी नोकऱ्या आटल्या. आणि तुम्ही जुने फोटो काय स्कॅन करत बसलात? हे पोटभरल्यांचे काम आहे. आम्ही हा आक्षेप हलक्यात घेत नाही. पण ज्यांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या भरलेले आहे, त्यांनी आपली कागदपत्रे, वंशावळी, बखरी, दफ्तरे किती जपली ते पाहा. त्या जपणुकीच्या बळावरच ते आज इतिहास सांगतात आणि आपल्याला पुरावा मागतात. पुरावा मागणे हेही सत्तेचेच एक रूप आहे. जात पडताळणीच्या वेळी अनुसूचित जातीच्या मुलाकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा घरातली तीच पेटी उघडावी लागते. फोटो आणि आजोबांचा शाळेचा दाखला एकाच पिशवीत असतात. पिशवी कुजली तर दोन्ही जातात. दाखल्याचा स्कॅन मूळ कागदाची जागा घेणार नाही. पण त्यावरची शाळा आणि रजिस्टर नंबर हाताशी असेल, तर निदान नक्कल काढायला कुठे जायचे हे तरी कळते. म्हणजे हे काम पोटाच्या प्रश्नापासून वाटते तेवढे लांब नाही.

पिएर बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा फोटोग्राफीवरचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. कुटुंब आपल्या मोठ्या प्रसंगांचे फोटो काढून स्वतःची एकी पक्की करत असते, असे त्याचे निरीक्षण होते. आपल्या घरांतले अल्बम पाहिले की या निरीक्षणात भर घालावी लागते. आपल्या अल्बममध्ये कुटुंब एकटे नसते. लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या मागे बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते. आजीच्या फोटोशेजारी महिला मंडळाचा फोटो असतो. दोन बारशांच्या मध्ये एक मोर्चा असतो. आपला घरगुती अल्बम हाच चळवळीचाही अल्बम आहे. बाहेरच्या संशोधकाला जे मिळवायला वर्षे लागतील, ते आपल्या फळीवर आहे.

सरकार हे काम करील, या भरवशावर राहू नये. बाबासाहेबांच्या निधनानंतर त्यांची कागदपत्रे बरीच वर्षे न्यायालयीन ताब्यात पडून होती. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला तो १९७९ मध्ये. वसंत मून यांच्यासारख्या माणसाने त्यात आयुष्य घातले म्हणून ते काम उभे राहिले. पुढे खंडांची छपाई इतकी रखडली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. खुद्द बाबासाहेबांच्या शब्दांची ही गत, तर तुमच्या आमच्या आजीच्या फोटोसाठी कोणते खाते धावून येणार आहे?

शिवाय वेळ थोडा आहे. २०२१ च्या जुलैमध्ये महाड शहर पुराखाली गेले. ज्या महाडने १९२७ चा सत्याग्रह पाहिला, तिथल्या घरांतल्या जुन्या फोटोंवर पुराच्या पाण्याने दया केली नसणार. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींनी दंगल पाहिली, पँथरच्या छावणीचे दिवस पाहिले. दहा बाय पंधराच्या खोलीतून टॉवरमध्ये जाताना माणूस पहिल्यांदा काय टाकतो? जुनी ट्रंक. नव्या घरात शोभत नाही म्हणून फ्रेम उतरते, आणि एकदा उतरलेली फ्रेम पुन्हा भिंतीवर चढत नाही. काही घरांत तर शेजाऱ्यांना आपण कोण ते कळू नये म्हणून ती उतरते. नोकरी लागलेल्या, फ्लॅट घेतलेल्या आपल्या वर्गाने याचा विचार करावा.

आता पैशांचा प्रश्न. आम्ही काही कार्यकर्ते वस्तीत हे काम करतो. त्यावरून सांगतो, स्टुडिओवाल्याला एकेका फोटोमागे पैसे मोजण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन आहे, त्यांची सुरुवात शून्य रुपयांत होते. खिडकीजवळ टेबल ठेवा. थेट ऊन नको, फ्लॅश नको, डोक्यावरची ट्यूबलाइट बंद. फोटोखाली काळे कापड घाला. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे स्टीलचे डबे ठेवून त्यांवर फोन आडवा टेकवा, म्हणजे हात हलत नाही आणि फोन फोटोला समांतर राहतो. फोन फार जवळ नेला तर कडा वाकतात. थोडा वर ठेवून नंतर कडेचे कापा. ब्यूटी मोड बंद करा. चकचकीत फोटोवर उजेड परावर्तित होत असेल तर गूगलचे फोटोस्कॅन हे मोफत ॲप वापरा. ते चार-पाच बाजूंनी फोटो घेऊन चमक काढते. मात्र बारीक तपशील महत्त्वाचा असेल तेव्हा साधा कॅमेराच बरा.

वस्तीसाठी एक सपाट काचेचा साधा स्कॅनर घेणे जमले तर उत्तम. पाच-सहा हजारांच्या आसपास मिळतो. जुना मिळाला तर त्याहून कमी. अनेकांच्या घरी किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटरवर स्कॅनरची काच असतेच, ती चालते. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयवर घ्या, पासपोर्ट फोटो १२०० वर. चार बाय सहा इंचांचा रंगीत फोटो ६०० डीपीआयवर टिफ फाइलमध्ये साधारण २६ एमबी होतो. म्हणजे हजार फोटो २६ जीबीत बसतात. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये एका वस्तीचे काम मावते. जयंतीच्या एका रात्रीत डीजेवर जेवढे उडते, त्याच्या थोड्याशा भागात स्कॅनर आणि साठवणीची साधने दोन्ही येतात. पैसा नाही, असे आपण म्हणू शकत नाही. तो कुठे घालायचा, हे ठरवलेले नाही.

काही गोष्टी मात्र करू नका. फोटो पाण्याने किंवा अत्तराने पुसू नका. मऊ ब्रशने धूळ झटका. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, नाहीतर चेहरा काचेवर आणि कागद हातात राहील. तो काचेसकट घ्या, आणि फोनपुढे काळे कापड धरून भिंगापुरते भोक ठेवा, म्हणजे तुमचे प्रतिबिंब येत नाही. मूळ फोटो लॅमिनेट करू नका. मागे बॉलपेनने लिहू नका. लिहायचेच तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. मागची बाजूही स्कॅन करा. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी तारीख, कधी कोणाचे तरी अक्षर. निगेटिव्ह सापडल्या तर कचरा समजून फेकू नका. रंगीत फोटो आधी घ्या, कारण सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत प्रिंट काळ्या-पांढऱ्यांपेक्षा लवकर उडतात.

साठवताना तीन प्रती हव्यात: एक घरात, एक विहारात किंवा वाचनालयात, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा ऑनलाइन. गूगलवर १५ जीबी फुकट मिळतात, पण फुकटच्या जागेवर एकुलती प्रत ठेवू नये. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि ग्रुपवर टाकले म्हणजे जतन झाले, या भ्रमात राहू नका. १४ एप्रिलला टाकलेला फोटो १५ एप्रिलला कोणाला सापडत नाही.

आमच्या मते खरे काम स्कॅनिंगच्या पुढे आहे. नाव नसलेला फोटो म्हणजे अर्धा फोटो. राजगृहातला १९३४ चा तो प्रसिद्ध कौटुंबिक फोटो आठवा. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि टॉबी कुत्रा. कोणीतरी नावे टिपून ठेवली म्हणून आज आपण प्रत्येकाला ओळखतो. पुढच्याच वर्षी रमाई गेल्या. त्यांचे फोटो मोजकेच आहेत, म्हणून त्यातला एकेक आपल्याला किती मोलाचा वाटतो! तुमच्या घरातल्या समूहफोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचे नाव आज फक्त आजीला ठाऊक आहे. उद्या कोणालाच नसेल.

म्हणून फोटो दाखवताना फोनचे रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि विचारा: हे कोण, कुठले, कोणत्या साली, फोटो कोणी काढला? आणि शेवटी हेही विचारा, या फोटोत कोण नाही? मोर्चाच्या फोटोत झेंडा धरणारे दिसतात. पहाटे त्यांच्या भाकरी थापणाऱ्या दिसत नाहीत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी बायकांकडे जाऊन, त्यांना विचारून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला. विचारायला गेले म्हणून ते नोंदले गेले. ज्या घरांत एकही जुना फोटो नाही, तिथे तर अधिक आस्थेने जा. स्टुडिओत जाण्याइतके पैसे नव्हते, हाही आपलाच इतिहास आहे. अनेक आज्यांचा आयुष्यातला पहिला फोटो मतदार ओळखपत्रावरचा असतो. तोही स्कॅन करा, त्यासोबत तिचा आवाज घ्या. कार्डावरचा नंबर मात्र कुठे पसरू देऊ नका.

दोन इशारे द्यायला हवेत. पहिला, कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो ‘सुधारून’ देणाऱ्या ॲपबद्दल. ती फाटलेला भाग भरतात, पण सोबत चेहराही बदलतात. नाक सरळ होते, सुरकुत्या जातात, कातडी उजळते. जो रंग आणि जो चेहरा हिणवला गेला, तो आपणच आपल्या हाताने पुसायचा? हौस म्हणून करायचे तर वेगळ्या प्रतीवर करा, तसे तिच्यावर लिहा, मूळ स्कॅनला हात लावू नका.

दुसरा इशारा मालकीबद्दल. मूळ फोटो कोणालाही नेऊ देऊ नका, संशोधकाला नाही आणि पुढाऱ्यालाही नाही. वस्तीत स्कॅन करा, त्याच दिवशी मूळ घरी परत द्या. प्रत कोणी मागितली तर घरच्यांची लेखी संमती घ्या, आणि छापताना त्या कुटुंबाचे नाव यावे असा आग्रह धरा. अत्याचारग्रस्तांचे फोटो, बायकांचे खासगी फोटो घरच्यांना, आणि त्या बाईला स्वतःला, विचारल्याशिवाय बाहेर जाता कामा नयेत. आपल्या वेदनेचे प्रदर्शन मांडणारे पुष्कळ आहेत. त्यात आपली भर नको.

हे काम एकट्यादुकट्याने होत नाही, आणि त्यासाठी नवी संघटना काढण्याचीही गरज नाही. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला वस्ती जमतेच. वाचन संपल्यावर तासभर द्या. प्रत्येक रविवारी पाच घरांनी आपली पेटी आणावी. एकाने स्कॅन करावे, एकाने वहीत अनुक्रमांक, साल, गाव, नावे लिहावीत, एकाने आवाज घ्यावा. तीन महिन्यांत साठ घरे होतात. दहावी-बारावीची मुले हे सहज करतात. त्यानिमित्ताने ती आजी-आजोबांशेजारी बसतात, हा लाभ वेगळाच. धम्मचक्र प्रवर्तन दिनी त्यातले निवडक फोटो, घरच्यांची संमती घेऊन, विहाराच्या भिंतीवर नावांसकट लावा.

आपला इतिहास दडपला गेला, असे आपण भाषणांत सांगतो. जो दडपला गेला त्याबद्दल लढलेच पाहिजे. पण जो आपल्या ताब्यात आहे, त्याला वाळवी लागू देण्याचा दोष कोणावर टाकणार? येत्या रविवारी पेटी उघडा.

जय भीम.