व्याकरण वाक्यापासून शिकवा

शाळेतले मराठी व्याकरण शब्दापासून सुरू होते. आधी शब्दांच्या जाती, मग लिंग-वचन, मग विभक्तीचा तक्ता. वाक्य येते ते शेवटी, आणि तेही 'प्रयोग ओळखा' असा एखाद-दोन गुणांचा प्रश्न होऊन. या क्रमामुळे मुलांची समजूत अशी होते, की नियम शब्दांच्या रूपांत असतात आणि वाक्य म्हणजे त्या शब्दांची रांग. वस्तुस्थिती उलटी आहे. नियम वाक्याच्या रचनेकडे पाहतो. शब्दाचे रूप हा त्या रचनेचा परिणाम असतो, आणि कधीकधी तो परिणाम डोळ्यांना दिसतही नाही.

प्रयोगाचेच उदाहरण घेऊ. कर्त्याला प्रत्यय लागला, की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माप्रमाणे बदलते, असा ढोबळ नियम मुलांच्या डोक्यात बसलेला असतो. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली' या वाक्यांना तो लागूही पडतो. पण वर्तमानकाळात पुरुष 'मी पोळी खातो' म्हणतो, स्त्री 'मी पोळी खाते' म्हणते, आणि भूतकाळात दोघेही 'मी पोळी खाल्ली' असेच म्हणतात. इथे 'मी'ला कोणताही प्रत्यय नाही. म्हणजे क्रियापद प्रत्यय पाहून ठरत नाही. सकर्मक क्रियापद, भूतकाळ आणि त्यातले कर्त्याचे स्थान यांवरून ते ठरते. 'तू पोळी खाल्लीस' हे वाक्य तर त्याहून बोलके आहे. त्यातला 'ली' पोळीचा, 'स' तुझा. एकाच क्रियापदावर कर्ता आणि कर्म दोघांच्या खुणा आहेत. आपल्या व्याकरणकारांनी याला कर्तृ-कर्मसंकर प्रयोग असे नाव दिले, ते वाक्य डोळ्यांसमोर ठेवूनच. शब्दांच्या तक्त्यात हा संकर सापडणार नाही.

दुसरा पुरावा सर्वनामांचा. 'रमेशला वाटते, की सुरेशने स्वतःला फसवले' या वाक्यात फसला तो सुरेश. 'स्वतःला'च्या जागी 'आपल्याला' ठेवा, की फसलेला माणूस रमेश होतो. बाकीचे सगळे शब्द तेच आणि त्यांचा क्रमही तोच. 'स्वतः' आपला धनी स्वतःच्याच उपवाक्यात शोधतो, तर 'आपण' इथे उपवाक्याची सीमा ओलांडून मुख्य वाक्यात जातो. ही सीमा कोणी ओलांडायची, हे ना उच्चारात ऐकू येते, ना एखाद्या प्रत्ययात दिसते, तरी मराठी माणूस अर्थ लावताना ते चुकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की मराठीत शेजारच्या शब्दालाही महत्त्व असते. 'कपाटात एक सदरा आणि दोन साड्या होत्या' म्हणतो, आणि क्रम फिरवला की 'दोन साड्या आणि एक सदरा होता' म्हणतो. हे खरेच आहे. पण इथे रचनेनेच दोन उमेदवार पुढे केले आहेत, आणि त्यांच्यातला निवाडा तेवढा जवळिकीवर होतो. रचनेने पुढे न केलेले नाम कितीही जवळ आले तरी त्याला मत नसते. 'डबा आईने मुलीच्या हाती पाठवला' या वाक्यात क्रियापदाच्या जवळ आई आहे, मुलगी आहे, तरी क्रियापद दूरच्या डब्याशीच इमान राखते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या मराठीत 'म्यां' असे रूप होते, बोलींत 'म्या' आजही ऐकू येते. तेव्हा 'मी पोळी खाल्ली' हा जुन्या प्रत्ययाचा उरलेला अवशेष आहे, असे कोणी म्हणेल. इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष नाही. प्रमाण मराठीत रूप झिजून गेले आणि नियम मात्र टिकला. रूपाशिवाय नियम जगू शकतो, याचा याहून चांगला दाखला कोणता? तिसरा आक्षेप अपवादांचा: 'ती नाव विसरली', 'तो धडा शिकला'. कर्म असूनही इथे क्रियापद कर्त्यामागे गेले. पण सोबत 'ने'ही गेला, हे लक्षात घ्यावे. अपवादसुद्धा सुटा येत नाही; आपली पूर्ण रचना घेऊन येतो.

हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नाही. नियम शब्द मोजत नाहीत, रचना पाहतात, हा मुद्दा नोम चॉम्स्की यांनी गेल्या शतकात भाषाविज्ञानाच्या केंद्रस्थानी आणला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका मेंदूविषयक प्रयोगात जर्मन भाषकांना इटालियन आणि जपानी भाषांचे खरे नियम शिकवले गेले, आणि 'नकार तिसऱ्या शब्दानंतर ठेवा' अशा धर्तीचे बनावट नियमही. भाषेशी निगडित मानल्या जाणाऱ्या ब्रोका क्षेत्राची सक्रियता खऱ्या नियमांच्या शिक्षणाबरोबर वाढत गेली. बनावट नियमांबाबत तसे घडले नाही. एका प्रयोगाने सगळे वाद मिटत नाहीत, पण कोणत्याही भाषेत 'तिसऱ्या शब्दाचा' नियम का आढळत नाही, याची दिशा त्यातून कळते.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे घरी दुसरी भाषा बोलणारी असंख्य मुले आज वर्गात मराठी शिकत आहेत. त्यांना विभक्तीचे तक्ते पाठ करायला लावून 'मी पोळी खाल्ली' का म्हणायचे, हे कधीच उमगणार नाही. पाठ्यपुस्तकांनी पहिल्या धड्यात वाक्ये द्यावीत, मुलांना ती बदलून पाहू द्यावीत, कर्ता-कर्म-काळ फिरवला की काय हलते ते त्यांनाच शोधू द्यावे. तक्ता त्यानंतर यावा, त्यांनीच शोधलेल्या गोष्टींची नोंद म्हणून.