तिरक्या तबकडीवरील जकात

चित्रपटाची तबकडी यंत्रात सरकवून कळ दाबणाऱ्याला सहसा ठाऊक नसते की ती तबकडी कधीच पूर्ण सपाट नसते. उष्णतेने आणि दमटपणाने ती किंचित वाकते, फिरताना तिचा पृष्ठभाग कलतो, आणि लेसरचा झोत तिच्यावर काटकोनात न पडता तिरका पडतो. प्रकाशाचा नेमका बिंदू मग बिंदू राहत नाही. धूमकेतूसारखी त्याला शेपटी फुटते आणि शेजारच्या रेषेवरील खुणा वाचनात मिसळतात. हा दोष दूर करण्याच्या तंत्राला 'टिल्ट करेक्शन' असे नाव आहे. मराठीत आपण त्याला कल-दुरुस्ती म्हणू. या एवढ्याशा दुरुस्तीभोवती आणि यंत्रातील तिच्याच तोलाच्या इतर बारीकसारीक भागांभोवती पेटंटांचे जे कुंपण उभे राहिले, त्याची किंमत अखेर कोणाच्या खिशातून गेली, हा येथे प्रश्न आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कलण्यामुळे प्रकाशबिंदू कसा बिघडतो, हे कोणत्याही कंपनीने शोधून काढलेले नाही. भिंगांच्या अशा दोषांची गणिती मांडणी लुडविग झायडेल या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच केली होती. भिंग जितक्या रुंद कोनातून प्रकाश एकवटते, त्याच्या घनाच्या प्रमाणात हा दोष वाढतो; प्लास्टिकचा थर जाड असेल तर आणखी वाढतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीच्या रेषांत १.६ मायक्रॉनचे अंतर होते. १९९६ च्या डीव्हीडीत ते ०.७४ वर आले. त्यासाठी भिंगाचा अंक ०.४५ वरून ०.६० वर न्यावा लागला, आणि तेवढ्यानेच कलाचा दोष दुपटीहून अधिक झाला. म्हणून डीव्हीडीत लेसरला १.२ ऐवजी ०.६ मिलिमीटर जाडीचाच थर ओलांडावा लागेल अशी रचना झाली. ब्लू-रेमध्ये तो ०.१ मिलिमीटरवर आणावा लागला. यातील बराचसा भाग निसर्गनियमाने भाग पाडलेला आहे. माणसाच्या कल्पकतेला वाव उरतो तो पुढे: वेगळा संवेदक बसवून कल मोजायचा, भिंगच विद्युत्-चुंबकाने तिरपे करायचे, द्रवस्फटिकाच्या पट्टीने प्रकाशाची लहर सुधारायची, की निरनिराळे कल देऊन पाहून ज्यात संकेत सर्वांत स्वच्छ येतो तो ठेवायचा. या वाटांवर जपान, कोरिया व युरोपातील कंपन्यांनी पेटंटांचे ढीग रचले. त्यामागे अभियंत्यांची खरी मेहनत आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र तो अभियंता पगारावर काम करतो आणि पेटंट कंपनीच्या मालकीचे होते, हे संशोधनाच्या मोबदल्याचा जयघोष करणारे सांगत नाहीत.

बड्या कंपन्या अशा पेटंटांवरून आपसांत भांडतात, ते बहुधा तडजोडीने मिटते. तू माझी शंभर वापर, मी तुझी शंभर वापरतो, असा हा व्यवहार असतो. ज्याच्या हाती बदल्यात देण्यासारखे काही नाही, त्याला मात्र रोकड मोजावी लागते. डीव्हीडीच्या बाबतीत या रोकडीचे दर दोन गटांनी ठरवले. फिलिप्स, सोनी व पायोनियर यांचा एक. हिताची, मात्सुशिता, मित्सुबिशी, टाइम वॉर्नर, तोशिबा व जेव्हीसी यांचा दुसरा. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९८ च्या डिसेंबरात पहिल्याला आणि १९९९ च्या जूनमध्ये दुसऱ्याला हरकत नसल्याचे कळवले. त्या वेळी जाहीर झालेले दर पाहण्यासारखे आहेत. पहिला गट यंत्राच्या विक्रीकिमतीच्या साडेतीन टक्के घेणार, पण दर यंत्रामागे किमान सात डॉलर, आणि २००० पासून किमान पाच; दुसरा चार टक्के किंवा चार डॉलर, यांपैकी जे अधिक असेल ते.

'किमान' या शब्दात सगळी गोम आहे. दोनशे डॉलरच्या यंत्रावर दोन्ही गटांची मागणी मिळून पंधरा डॉलर, म्हणजे साडेसात टक्के होते. तेच यंत्र चाळीस डॉलरना विकले तर पाच आणि चार मिळून नऊ डॉलर, म्हणजे साडेबावीस टक्के! श्रीमंताच्या यंत्रावर हलकी आणि गरिबाच्या यंत्रावर जड, अशी ही जकात आहे. कोणत्याही सरकारने असा कर बसवला असता तर त्याला अन्यायी म्हटले गेले असते. खासगी गटाने बसवला म्हणून त्याला परवाना शुल्क म्हणतात. स्वस्त यंत्रे बनवणाऱ्या चिनी कारखान्यांना २००२ साली हेच पाच आणि चार डॉलर कबूल करावे लागले. पुढे चीनमधील काही कायदा-प्राध्यापकांनी या गोठ्यातील फिलिप्सच्या एका पेटंटाच्या वैधतेलाच आव्हान दिले, तेव्हा २००६ च्या अखेरीस कंपनीने ते परवान्याच्या यादीतून काढून घेतले. यादी कोणी तपासूच लागले नसते तर त्याचेही पैसे चालूच राहिले असते.

लहानशा भागावरून संपूर्ण यंत्रावर हक्क सांगण्याची हाव कोठवर जाते, हे टेक्सासमधील एका खटल्यात दिसले. लेझरडायनॅमिक्स ही स्वतः काहीही न बनवणारी, केवळ पेटंट बाळगणारी कंपनी. यंत्रात घातलेली तबकडी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याच्या पद्धतीचे पेटंट तिच्याकडे होते. तिने तैवानच्या क्वांटा कंपनीकडून संगणकातील तबकडी-यंत्राच्या नव्हे, तर अख्ख्या लॅपटॉपच्या किमतीचे दोन टक्के मागितले, आणि २००९ साली ज्यूरीने सुमारे ५ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. तोवर याच पेटंटाचे बहुतेक परवाने तीन लाख डॉलरांच्या आतले होते! २०१२ च्या ऑगस्टमध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा मार्ग बंद केला: तबकडी ओळखता येते म्हणून कोणी लॅपटॉप विकत घेत नाही, तेव्हा हिशेब त्या लहान भागाच्या किमतीवरच झाला पाहिजे.

स्पर्धेमुळे ग्राहकाचे भले होते, असे या उद्योगाचे पुरस्कर्ते सांगत आले. युरोपीय आयोगाने २०१५ च्या ऑक्टोबरात ११ कोटी ६० लाख युरोंचा दंड ठोठावला तेव्हा काय उघड झाले? सोनी, हिताची-एलजी, तोशिबा-सॅमसंग, क्वांटा स्टोरेज इत्यादी मंडळी २००४ ते २००८ या काळात डेल व एचपी यांना विकायच्या तबकडी-यंत्रांच्या बोलींबाबत संगनमत करीत होती. फिलिप्स व लाइट-ऑन यांनी स्वतःच माहिती पुरवल्याने त्यांना माफी मिळाली.

आता भारताकडे वळू. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याचे स्मरण औषधांच्या संदर्भात होते आणि ते योग्यच आहे. परंतु यांत्रिक व विद्युत् शोधांनाही त्या कायद्याने १४ वर्षांची मर्यादा घातली होती. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींखाली २००२ साली दुरुस्ती झाली आणि तोवर जिवंत असलेल्या जुन्या पेटंटांनाही २० वर्षांची मुदत बहाल झाली. याचा अर्थ काय, हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या १२ जुलै २०१८ च्या निकालात वाचावे. डीव्हीडीवरील संकेत उलगडण्याच्या उपकरणाचे फिलिप्सचे पेटंट १२ फेब्रुवारी २०१५ रोजी संपले. जुनी मुदत राहिली असती तर ते २००९ च्या फेब्रुवारीतच सार्वजनिक झाले असते. फिलिप्सने सुटे भाग जोडून यंत्रे बनवणाऱ्या लहान भारतीय उत्पादकांना न्यायालयात खेचले ते २००९ सालीच. त्यांना दर यंत्रामागे २७ मे २०१० पर्यंत ३.१७५ आणि त्यानंतर २०१५ पर्यंत १.९० डॉलर देण्याचा हुकूम झाला. आपण भाग परवानाधारकांकडूनच घेतले, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. दरांविरुद्ध त्यांच्याकडून पुरावाही आला नाही, म्हणून कंपनीचेच दर कायम झाले. बाहेरून भाग आणून जोडणाऱ्याने जगभरातील परवान्यांचा पुरावा कोठून आणावा?

तबकडीचे दिवस सरत आले आहेत, पण जकात मोबाईल फोनवर सरकली आहे. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने एरिक्सनला लाव्हा या भारतीय कंपनीकडून २४४ कोटी रुपये देवविले, आणि तेही फोनच्या संपूर्ण विक्रीकिमतीच्या १.०५ टक्के या हिशेबाने. जो आधार अमेरिकेतील न्यायालयाने लॅपटॉपच्या बाबतीत २०१२ साली नाकारला, तो येथे ग्राह्य ठरला.

अशा वेळी सरकार काय करीत होते? पेटंटाचा देशात प्रत्यक्ष वापर होतो की नाही याचे निवेदन मालकाने दरवर्षी द्यावे असा नियम होता. २०२४ च्या मार्चमधील दुरुस्तीने ते तीन वर्षांतून एकदा पुरेसे ठरवले. ही सवलत रद्द झाली पाहिजे. निवेदन पुन्हा वार्षिक करून त्यात परवाना कोणाला आणि कोणत्या दराने दिला याची नोंद सक्तीची करावी आणि ती सर्वांना पाहता यावी. प्रमाणित तंत्रासाठी आवश्यक म्हणवल्या जाणाऱ्या पेटंटांचा मोबदला त्या त्या भागाच्या किमतीवरच आकारला जाईल, आणि स्वस्त यंत्रावर अधिक टक्केवारी लादणारे किमान शुल्क चालणार नाही, अशी तरतूद संसदेने कायद्यातच करावी.