वास्तुविशारदाचा कारभारी

घर बांधावयास निघालेला गृहस्थ वास्तुविशारदाची निवड करताना त्याने पूर्वी उभारलेल्या इमारती पाहून येतो, ओळखीपाळखीत चौकशी करतो आणि मेहनतान्याची बोलणीही करतो. परंतु त्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात आवक-जावक कोण सांभाळतो, करारनाम्याचा मसुदा कोण वाचतो आणि साइटवर धाडलेल्या नकाशाची तारीख कोणाच्या वहीत सापडेल, हे विचारावे असे त्याच्या मनात येत नाही. माझ्या मते हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जावा, आणि ज्या कार्यालयापाशी त्याचे उत्तर नाही त्याच्या धुरीणांनी तो स्वतःसही विचारावा. कारण रचनाकौशल्य कितीही उच्च प्रतीचे असले तरी दफ्तर ढिले असेल, तर त्याचा भुर्दंड इमारतीवर, तिच्या मालकावर आणि तेथे राबणाऱ्या माणसांवर पडतो.

आपल्या देशातील या व्यवसायाची मुंबई ही जुनी भूमी होय. ज्या संस्थेस १९२९ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स हे नाव आहे, तिचा उगम १९१७ साली मुंबईत, वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांच्या एका मंडळात झाला. पुढे १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टाने वास्तुविशारदांची देशव्यापी नोंदणी सुरू केली आणि १९८९ च्या नियमांनी त्यांच्या व्यावसायिक वर्तनाच्या मर्यादा आखून दिल्या. या दीर्घ वाटचालीत रचनाकारांचा यथोचित गौरव झाला, पण ज्याच्या हाती कार्यालयाचा नित्याचा कारभार असतो तो मनुष्य मात्र बहुतेक ठिकाणी कारकुनाच्या पायरीवरच राहिला.

माझे म्हणणे असे आहे की, या कारभाऱ्यास दोन बाबतींत पूर्ण मुखत्यारी असावी. करारनाम्यावर सही झाल्याखेरीज नव्या कामाचे रेखाटन सुरू होऊ न देणे ही पहिली, आणि जावक नोंद झाल्याखेरीज एकही नकाशा कार्यालयाबाहेर जाऊ न देणे ही दुसरी. हे अधिकार खुद्द वास्तुविशारदाने आपल्याकडे ठेवून भागत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून देवघराच्या कोनाड्यापर्यंत ज्याने एखाद्या कुटुंबाशेजारी बसून विचार केला, त्याला त्याच बैठकीत थकलेल्या रकमेचा तगादा लावणे किंवा ‘हा बदल आपल्या करारात बसत नाही’ असे सांगणे जड जाते. हा संकोच माणुसकीचा आहे आणि तो त्याने टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. म्हणूनच ते बोलणे दुसऱ्या कोणी, शांतपणे आणि कागद पुढे ठेवून बोलावे.

नकाशांची गोष्ट अधिक गंभीर आहे. एका साध्या दुमजली बंगल्यासाठीही वास्तुविशारदाचे नकाशे, स्ट्रक्चरल कन्सल्टंटचे आरसीसीचे नकाशे, नळकामाचे व विजेचे नकाशे असे अनेक संच तयार होतात, आणि त्यांतील एका कागदावर झालेला फेरफार बाकीच्या संचांत उतरला नाही तर साइटवर दोन परस्परविरोधी हुकूम एकाच दिवशी हजर होतात. जिन्याशेजारचा खांब फूटभर सरकवण्याचे बैठकीत ठरते, रेखाटणारा सहकारी सुधारित नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरकडे पाठवतो, सुपरवायझर त्या दिवशी दुसऱ्या कामावर असतो, आणि मिस्त्रीच्या हाती असलेल्या जुन्या, चुरगळलेल्या प्रिंटवरून सळई बांधली जाते, सेंटरिंग ठोकले जाते व स्लॅब भरला जातो. मग फोडाफोडी, तिच्या खर्चावरून तंटा, आणि कोणता नकाशा कोणी कधी पाठवला याचा भ्रमणध्वनीतील शेकडो संदेशांत शोध. न्हाणीघराचा स्लॅब खाली घ्यावयाचा राहून गेला तर पुढे त्या घरात वर्षानुवर्षे ओल झिरपत राहते, आणि रहिवासी मात्र गवंड्याला दोष देतात.

यावरील उपाय खर्चिक नाही. प्रत्येक नकाशास क्रमांक, सुधारणेचा अनुक्रम आणि तारीख असावी. तो चर्चेसाठी आहे, मंजुरीसाठी आहे की बांधकामासाठी, हे त्यावर ठळक लिहावे. तो कोणाकोणास गेला व पोच कोणाची आली, हे जावक वहीत उतरावे. आणि सुधारित नकाशा देताना जुनी प्रिंट परत घेऊन तिच्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारावा. व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशा निघाल्याची सूचना खुशाल द्यावी, परंतु प्रमाण नकाशा कार्यालयाच्या एकाच ईमेल पत्त्यावरून, कारभाऱ्याच्या नजरेखालूनच जावा. मराठ्यांच्या दफ्तरपद्धतीत पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटे, आणि त्यानंतर मजकुरात भर घालण्यास वाव उरत नसे. ‘बांधकामासाठी’ हा शिक्का त्याच गांभीर्याने मारला जावा, व तो कारभाऱ्याच्या कुलपात असावा.

द्रव्यव्यवहाराविषयी थोडक्यात सांगतो. करारनाम्यात कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्याचा मोबदला, त्यात अंतर्भूत असलेले फेरफार व त्यापुढील फेरफारांचा दर, आणि काम मध्येच थांबल्यास नकाशांवरील हक्काचे काय, एवढे तरी असलेच पाहिजे. जीएसटीखाली नोंदलेल्या कार्यालयास १८ टक्के कर बिलाच्या तारखेनुसार भरावा लागतो, मग गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. तेव्हा वसुलीची शिस्त नसलेले कार्यालय हाती न आलेल्या उत्पन्नावरचा कर पदरचा भरते. कंपन्या व विकासक मेहनतान्यातून जो १० टक्के आयकर कापून घेतात, तो सरकारात जमा झाला की नाही याची रुजुवात दर तिमाहीस व्हावी. सूक्ष्म वा लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेल्या कार्यालयास २००६ च्या कायद्याने, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे मिळण्याचा हक्क दिला आहे आणि विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावले आहे. ही नोंदणी काम स्वीकारण्यापूर्वीच करून ठेवावी. आणि जुन्या बाकीविषयी एक दक्षता: अशा येण्याचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत करावा लागतो, परंतु मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केल्यास मुदत नव्याने मोजली जाते, म्हणून दर वर्षअखेरीस बाकीची लेखी कबुली मागवणे हा कारभाऱ्याचा शिरस्ता असावा.

सामान्य वाचकाचा याच्याशी काय संबंध, अशी शंका येईल. रेरा कायद्यानुसार घरखरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम विकासकाने स्वतंत्र खात्यात ठेवावयाची असते, आणि ती काढताना काम किती टक्के पूर्ण झाले याचे प्रमाणपत्र वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांनी द्यावयाचे असते. त्या एका सहीवर शेकडो कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अवलंबून असते. त्या सहीमागे साइटभेटीचे टिपण, तारीख असलेली छायाचित्रे आणि टक्केवारीचा हिशेब फाइलीत आहे की नाही, हे पाहणारा मनुष्य कार्यालयात नसेल, तर कायद्याने दिलेले संरक्षण कागदावरच राहते.

चार-पाच माणसांच्या कार्यालयास असा कारभारी परवडत नाही, हा आक्षेप मी ऐकला आहे. पुष्कळ छोट्या कार्यालयांत हे काम आजही होत असते. ते वास्तुविशारदाची पत्नी, बहीण किंवा जुनी सहकारी, पदनामाविना आणि कित्येकदा वेतनाविना, करीत असते. बिले तीच काढते, नगरपालिकेच्या तारखा तीच लक्षात ठेवते, पण नकाशा अडवण्याचा अधिकार तिला नसतो. तिला पद, वेतन आणि तो अधिकार द्यावा. त्यासाठी लागणारी रक्कम एका चुकीच्या स्लॅबच्या फोडाफोडीहून बहुधा कमीच भरेल.

इन्स्टिट्यूटच्या महाराष्ट्र शाखेने या कामी पुढाकार घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यास व्यवसायव्यवहार हा विषय अभ्यासक्रमात शिकवला जातो, पण तो व्यवहार प्रत्यक्ष सांभाळणाऱ्यांपर्यंत हे शिक्षण पोहोचत नाही. त्यांच्यासाठी शाखेने मराठीतून वर्ग भरवावेत, आणि करारनाम्याचा व जावक वहीचा मराठी नमुना सर्वांस उपलब्ध करावा; निवृत्तीच्या पैशातून घर बांधणारा शिक्षक ज्या करारावर सही करतो, तो त्यास स्वतः वाचता आला पाहिजे. पहिला वर्ग मुंबई-पुण्यात न भरवता सोलापूर, लातूर किंवा रत्नागिरी येथे भरवावा, कारण तेथील कार्यालयांना हाताशी वकील वा हिशेबतपासनीस ठेवणे सहज शक्य नसते आणि सारा भार त्या एका माणसावरच असतो.