धार गेली नाही, वाकली आहे

बंगळूरच्या चिकपेटमध्ये साड्यांच्या खरेदीला गेलेली गृहिणी परतताना भांड्यांच्या दुकानात डोकावतेच. इतर खरेदीबरोबर एखादी नवी सुरीही पिशवीत येते. घरी तीन-चार सुऱ्या आधीच असतात, पण टोमॅटो चिरला जाण्याऐवजी चेंगरतो. खरे तर त्यातल्या बऱ्याच सुऱ्यांची धार गेलेली नसते, वाकलेली असते.

धारेची कड अतिशय पातळ असते. ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा स्टीलच्या ताटात भाजी चिरली, की ती एका बाजूला वळते. ती सरळ करते मूठ असलेली पोलादी सळई. भांड्यांच्या दुकानात ही सळई मागताना धार लावायचा रॉड म्हटले तरी चालते.

मुले लहान आहेत म्हणून सुरी मुद्दाम बोथट ठेवणारी घरेही आहेत. ही समजूत महागात पडते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती कांद्याच्या सालीवरून सटकते आणि थेट बोटावर येते. मुलांसाठी सुरी उंचावर ठेवावी, बोथट नव्हे.

सळईचे टोक घडी केलेल्या फडक्यावर टेकवून ती उभी धरा. सुरी सळईशी काटकोनात ठेवा, तो कोन निम्मा करा, पुन्हा निम्मा करा. साधारण 20 अंशांचा हा कोन पुरे. आता मुठीकडून टोकाकडे, वरून खाली सुरी हलकेच ओढा. एकदा ही बाजू, एकदा ती, अशी चार-पाच वेळा. टीव्हीवरच्या शेफसारखी हवेत सपासप चालवण्याची काही गरज नाही! शेवटी सुरी धुऊन पुसा, कारण पात्यावर लोखंडाचा बारीक कीस राहतो.

दातेरी आणि सिरॅमिकच्या सुरीला ही सळई लावू नये. विळीलाही नको. शेजारच्या कानडी घरातली ‘ईळिगे मणे’ असो की आपली मोरविळी, पाते पाटाला जडलेले असते. कोन साधत नाही आणि हातच धारेवर येतो. तिला निसण्याचा दगडच बरा.

सळई फिरवूनही टोमॅटोची साल कापली जात नसेल, तर धार खरोखर झिजली आहे. मग दगड किंवा धारवाला. मात्र त्याच्या कोरड्या चाकावर पाते तापते आणि बरेच झिजते, म्हणून उठसूट त्याला हाक मारू नये. आणि भाजी चिरायला लाकडी पाट घ्यावा.