पोस्टर खरंच होतं

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी 'फोनवाला' आहे. कुणाला नवा फोन घ्यायचा असो की जुन्याची बॅटरी बदलायची असो, प्रश्न माझ्याकडे येतो. दोनेक वर्षांपूर्वी मामेभावानं एक पोस्टर फॉरवर्ड केलं. एका नामांकित कंपनीचा, अजून बाजारात न आलेला फोन. मागे तीन कॅमेरे, खाली भलंमोठं घोषवाक्य. सोबत एकच ओळ : "दादा, हे खरंय का?"

मी माझं नेहमीचं काम केलं. झूम करून अक्षरांचं वळण पाहिलं, लोगोभोवतीची मोकळी जागा पाहिली, कडांवर कापाकापीच्या खुणा शोधल्या. गूगल लेन्सवर टाकलं, तर कुठल्याही जुन्या फोनशी जुळेना. दहा मिनिटांत निकाल दिला : "ओरिजिनल आहे. लीक झालंय."

महिनाभरानं फोन आला. हुबेहूब तोच. मी ग्रुपवर कॉलर ताठ केली. त्या रात्री मामेभावाचा फोन आला. पोस्टरखालच्या लिंकवर त्यानं आगाऊ बुकिंगचे दोन हजार भरले होते आणि ती वेबसाइट आता उघडत नव्हती. सुट्टीत मेडिकलच्या दुकानात काम करून साठवलेले पैसे. "तू ओरिजिनल म्हणालास ना," एवढंच तो म्हणाला. लिंक त्याच मेसेजमध्ये होती. मी चित्र झूम करण्यात इतका गुंग होतो, की खाली पाहिलंच नाही.

पोस्टर खरंच होतं. माझा निकाल अचूक होता आणि काडीच्या उपयोगाचा नव्हता.

तेव्हापासून माझं स्पष्ट मत झालंय : लीक झालेली जाहिरात खरी की खोटी, हा आपला लाडका खेळ मुळात चुकीच्या प्रश्नावर उभा आहे. 'खरी' म्हणजे काय? कंपनीनं बनवलेली? की त्यात लिहिलंय ते सत्य असलेली? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीचा पुरावा शोधून दुसरीवर विश्वास ठेवून मोकळे होतो.

खोट्यापासून सुरुवात करू. २०१३ साली आयओएस ७ आलं, तेव्हा एक जाहिरात फिरली : अपडेट करा, तुमचा आयफोन वॉटरप्रूफ होईल. पुढच्या वर्षी आयओएस ८च्या वेळी दुसरी आली : आता फोन मायक्रोवेव्हमध्ये ठेवून चार्ज करा. दोन्ही बनावट, पण मांडणी थेट ॲपलची. तीच पांढरी मोकळी जागा, तीच सडपातळ अक्षरं. पिक्सेल मोजणारा इथे गंडला असता. पण एक साधा प्रश्न पुरेसा होता : सॉफ्टवेअर बदलल्यानं फोनच्या फटी कशा बुजतील? त्यासाठी झूम करावं लागत नाही. शाळेतलं विज्ञान पुरतं.

आता खऱ्या जाहिराती बघा. सप्टेंबर २०१२मध्ये नोकियानं लुमिया ९२०च्या कॅमेऱ्याची जाहिरात काढली. चालत्या सायकलवरून काढलेला, जराही न हलणारा व्हिडिओ. मागच्या एका खिडकीत प्रतिबिंब दिसलं : गाडीतला माणूस, हातात मोठा कॅमेरा. व्हिडिओ फोननं काढलेलाच नव्हता. नोकियाला माफी मागावी लागली. २०१८ साली इजिप्तमध्ये हुआवेच्या नोवा ३ची जाहिरात आली. त्यातल्या अभिनेत्रीनं चित्रीकरणाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले, तेव्हा कळलं, की 'सेल्फी' काढायला समोर डीएसएलआर घेतलेला माणूस होता. दोन्ही जाहिराती शंभर टक्के 'ओरिजिनल'. आणि दोन्ही दिशाभूल करणाऱ्या.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून झणझणीत. फेब्रुवारी २०१६मध्ये वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली : रिंगिंग बेल्सचा 'फ्रीडम २५१', किंमत २५१ रुपये. ती लीक नव्हती, छापील होती. पण पत्रकारांना दिलेल्या नमुन्यांवर दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरनं झाकलेलं निघालं. पुढच्या वर्षी कंपनीच्या संस्थापकाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. जाहिरात खरी आहे का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं : हो, पेपरात आहे की!

आणि 'लीक' हा शब्द तरी कितपत प्रामाणिक आहे? २०१० साली आयफोन ४चा नमुना कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये राहून गेला आणि गिझमोडोनं तो पाच हजार डॉलरला विकत घेऊन जगाला दाखवला. ती खरी गळती. २०१९मध्ये मात्र पिक्सेल ४ची चित्रं फुटू लागल्यावर खुद्द गूगलनंच जूनमध्ये फोनच्या पाठीचा फोटो टाकून दिला. फोन यायला चार महिने होते. म्हणजे चोरून पाहिल्याची मजाही आपली आणि फुकट प्रचाराचं कामही आपलंच. 'लीक' म्हटलं, की आपण जाहिरात स्वतःहून फॉरवर्ड करतो. 'जाहिरात' म्हटलं असतं, तर पाच सेकंदांत स्किप केली असती.

माझे काही मित्र म्हणतात, अरे, हा टाइमपास आहे, एवढं काय मनाला लावून घेतोस? टाइमपासबद्दल माझी तक्रार नाही. मीही करतो. तक्रार आहे ती निकाल देण्याच्या थाटाबद्दल. आपण 'ओरिजिनल' हा शिक्का चित्रावर मारतो. ऐकणारा तो पूर्ण मेसेजवर मारला असं समजतो : किमतीवर, तारखेवर, लिंकवर.

शिवाय आपल्या खुणाही फसव्या आहेत. 'मराठी अशुद्ध आहे, म्हणजे बनावट,' असं मीही म्हणायचो. पण मोठमोठ्या कंपन्यांच्या अधिकृत मराठी जाहिराती कधी वाचल्यात? हिंदीवरून ओढूनताणून आणलेली वाक्यं, भलत्याच अक्षराला चिकटलेली वेलांटी. हा निकष लावला तर निम्म्या खऱ्या जाहिराती खोट्या ठरतील. आयफोनच्या जाहिरातीत घड्याळात ९:४१ वाजलेले असतात, हे खरं. पण ते बनावट करणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि आता तर एआय सांगाल ते पोस्टर काही सेकंदांत करून देतं. कडा बघून ओळखण्याचे दिवस संपत आलेत.

मग करायचं काय? माझी पद्धत आता उलटी आहे. चित्र सर्वांत शेवटी. आधी बघतो, हा मेसेज माझ्याकडून काय मागतोय : पैसे, ओटीपी, नंबर की नुसतं फॉरवर्ड? मग त्यात दावा काय आहे आणि तो शक्य तरी आहे का. मग हे सगळ्यांत आधी कुणी टाकलं, आणि कंपनीच्या स्वतःच्या साइटवर, मी स्वतः पत्ता टाइप करून गेल्यावर, ते दिसतं का. एवढं झाल्यावर वेळ उरला, तर खुशाल झूम करावं. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नये, लगेच १९३०वर फोन करावा. मामेभाऊ महिनाभर गप्प बसला, कारण 'दादा ओरिजिनल म्हणाला होता'.

त्याचे दोन हजार मी दिले. घेताना तो म्हणाला, "तुझी काय चूक?" मी उत्तर दिलं नाही.

परवा त्यानं पुन्हा एक पोस्टर पाठवलं. घडीचा फोन, झक्कास चित्र. या वेळी त्यानं 'खरंय का' विचारलं नव्हतं. खाली लिहिलं होतं : "दादा, पैसे मागत नाहीयेत. नुसतं बघायला पाठवलंय."

मी बघितलं. छान होतं. खरं की खोटं, मला माहीत नाही.