हवा पहाटे मिळाली पाहिजे




गेल्या डिसेंबरात वहिनींना बेळगावच्या दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून पहाटे पाचला कोगनोळीहून निघालो. वाटेत हवा बघून घ्यावी म्हणून एका पंपावर थांबलो, तर 'हवेचं पोरगं आठनंतर येतंय' असं उत्तर मिळालं. तवंदी घाट ओलांडला आणि मागचं चाक बसलं. जॅक लावून स्टेपनी चढवली, जॅक उतरवला, तर स्टेपनीही हळूहळू चपटी होत रिम पार रस्त्याला टेकायला आली. गाडीत वहिनी शाल गुंडाळून कण्हत होत्या. मागून आलेल्या भाजीच्या टेम्पोवाल्यानं पायपंपानं हवा मारून दिली, म्हणून आम्ही पोचलो. त्या भल्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं.

स्टेपनीची हवा मी मे महिन्यानंतर बघितली नव्हती, ही चूक माझीच. पण पहाटे हवा न मिळणं ही चूक माझी नाही, आणि या पत्राचं कारण तेच आहे.

थंडीत टायरची हवा तपासायला सांगितलं, तर 'आपल्याकडे काय बर्फ पडतो का?' असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. बर्फ पडायची गरजच नाही. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पौंडानं उतरतो. मे महिन्यात भर दुपारी भरलेली ३३ पौंड हवा डिसेंबरच्या पहाटे नुसत्या गारठ्यानंच तीन-साडेतीन पौंडांनी कमी भरते. शिवाय दर महिन्याला एखादा पौंड आपसूक झिरपतो, तो वेगळाच. चालत्या चाकांकडे निदान लक्ष तरी जातं. डिकीत पडलेल्या स्टेपनीकडे कोण बघतो?

आता मुख्य मुद्दा. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर जो आकडा छापलेला असतो, तो थंड टायरचा असतो. गाडी चार-पाच किलोमीटर पळाली की टायर तापतो आणि काटा फुगीर आकडा दाखवतो. म्हणजे आठनंतर, धावून आलेल्या गाडीत 'बरोबर ३३' भरली, तरी दुसऱ्या पहाटे ती कमीच असते. कमी हवेच्या टायरची बाजू सारखी दबते, आतून तापते, आणि भर वेगात फुटू शकते. उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर तसं झालं तर काय होईल, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

तेल कंपन्यांच्या नियमांप्रमाणे पंपावर हवा फुकट मिळायला हवी. ती पहाटे मिळत नसेल तर खऱ्या गरजेच्या वेळी त्या नियमाचा उपयोग काय? २०२० च्या नियमानं ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं साहित्य असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. अशा गाडीवाल्यानं पहाटे कुणाकडे बघायचं?

कोरोनाच्या काळात राज्याच्या सीमेवरच्या आमच्या कोगनोळी टोलनाक्यावर मांडव टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आरटीपीसीआर अहवाल तपासले जात होते. रात्री-अपरात्रीही माणसं उभी होती. मग त्याच नाक्यावर, दोन्ही बाजूंना, हवेचं एकेक यंत्र आणि बिनचूक काटा चोवीस तास चालू ठेवणं अवघड नाही. फास्टॅगमुळे आता नाक्यावर फारसं कुणी थांबत नाही. हवेसाठी तरी थांबेल. सुरुवात निदान पहाटे चार ते आठ या वेळेनं करावी, आणि हवा भरणाऱ्यानं 'स्टेपनी बघू का?' एवढं प्रत्येकाला विचारावं.

उसाचा हंगाम आणि थंडी इथे एकदमच येतात. महामार्ग प्राधिकरणानं आणि निपाणी भागातल्या पंपचालकांनी येत्या दिवाळीआधी ही सोय करावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाहनधारक
कोगनोळी, ता. निपाणी