वेळापत्रक भाताला विचारून लावा



"बारावी झाली, आता शेतीच बघतो." आमच्या पनवेल तालुक्यात हे वाक्य असं बोलतात, जणू शिकणं कायमचं संपलं. खारजमिनीत भात करायचा तर खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो. रोपं लहान असताना आणि फुलोऱ्यात भाताला खारटपणा जास्त बाधतो. मग उघाडी कधी उघडायची, पावसाने मीठ किती धुतलं, माती परीक्षणात ईसी किती आली, हे समजायला शाळेतलं सायन्स पुरत नाही.

शिकायच्या जागा आहेत. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तिथे कृषीचे अभ्यासक्रमही आहेत. रोह्याला कृषी विज्ञान केंद्र, कर्जतला भात संशोधन, आणि आपल्या पनवेलमध्येच खारजमीन संशोधन केंद्र. पनवेल १, २, ३ ह्या जाती तिथल्याच.

अडतं ते तारखांवर. मी एक पदविका केली, केंद्राचं नाव नको. प्रात्यक्षिकाचे तास बरोब्बर लावणीच्या आठवड्यात! चिखलणी करून ठेवलेली, माणसं सांगितलेली, कोण जाणार? गेलेल्यांना फळ्यावर काय शिकवलं, तर लावणीतलं अंतर. बरं, लावणी करतात बायका, आणि वर्गात एकही बाई नाही.

कृषी सेवा केंद्रवाल्यांचं बघा. हैदराबादच्या 'मॅनेज'ने २००३ साली त्यांच्यासाठी 'देसी' पदविका काढली. ४८ आठवडे, आठवड्याला एकच दिवस, तोही दुकानाच्या सुट्टीचा. त्यातले ८ दिवस शेतावर. दुकानदाराचा गल्ला सांभाळता येतो, तर आमची लावणी का नाही?

शेतीशाळेची पद्धत मला पटते. तीसुद्धा १९८९ चीच, इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांपायी सुरू झाली. पीक उभं असेतोवर आठवड्यातून एकदा बांधावर बसायचं, किडे मोजायचे, निर्णय घ्यायचा. आपल्याकडे कृषी विभागही शेतीशाळा घेतो. पण तिच्या हजेरीचे गुण पदविकेत कुठे धरतात?

हे पान वाचणाऱ्या शास्त्रज्ञ आणि कृषी सहाय्यक मंडळींना माझं म्हणणं एवढंच: ते गुण धरा. पुस्तकी तास वाल पेरून झाले की, जानेवारी ते एप्रिल घ्या. जून-जुलै आणि कापणी-झोडणीचे दिवस मोकळे सोडा. आणि एक वर्ग गावातल्या समाजमंदिरात, दुपारी दोननंतर ठेवून बघा, बायका येतात की नाही ते.